घटप्रभेचे गोटे हिमनदीचे नव्हेत
गोकाकजवळ घटप्रभेच्या पात्रातले गुळगुळीत गोटे हिमनदीने आणले का, असं एकाने विचारलंय. नाही, ती नदीचीच करामत; दगडही आसपासचेच, कलादगीचा (त्याच भागातल्या जुन्या खडकांच्या गटाचा) वालुकाश्म नि वरच्या अंगाचा बेसाल्ट. हिमनदीचा गाळ बघायचा तर हिमाचलातल्या लाहौलात, चंद्रा नदीच्या खोऱ्यात. हिमोढात, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या ढिगात, पिठासारख्या भुकटीपासून घराएवढ्या शिळेपर्यंत सगळं एकत्र कालवलेलं, थर नाहीत, काही दगडांवर ओरखडे. बर्फ मागे सरला की आधार सुटलेले उतार ढासळतात. मग त्यावर दरडींचा राडारोडा, अडलेल्या तळ्यांचा बारीक थरांचा गाळ.

या गाळाचं वय काढताना खरी गोम आहे. प्रकाशदीप्ती पद्धतीत, म्हणजे वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते मोजताना, वाळूने गाडली जाण्याआधी ऊन खाल्लेलं लागतं. गढूळ वितळपाण्यात ते पुरेसं मिळत नाही, मग वय खऱ्यापेक्षा फुगतं. त्यापेक्षा वाऱ्याने आणलेली वाळू बरी. नमुन्याला उजेड लागू नये म्हणून तो घ्यायची नळी अपारदर्शकच हवी, दोन्ही तोंडं लगेच बंद.