मदत हवी आहे: १९५२ चा बीबीसी रेडिओ, आणि एक जुना सेट
मंडळी, एकांकिका लिहितोय, लंडनमधलं स्वयंपाकघर, १९५२, एकच दिवस आणि मागे सतत बीबीसीचा लाइट प्रोग्रॅम (करमणुकीची रेडिओ वाहिनी) चालू. क्रम बऱ्यापैकी लागलाय, साडेदहाला कारखान्यातल्या कामगारांसाठी म्युझिक व्हाइल यू वर्क, पावणेदोनला चिमुरड्यांची गोष्ट, लगेच दोनला बायकांसाठीचा वुमन्स अवर, संध्याकाळी पावणेसातला पंधरा मिनिटं आर्चर्स ही खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची मालिका (आणि जाहिरात एकही नाही, आपल्या रेडिओ सिलोनवाल्यांना करमलंच नसतं!). अडलंय ते आवाजावर. व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला जुना) रेडिओ सेट लावला की डायलचा दिवा आधी लागतो, मग घुंऽऽ करत आवाज हळूहळू वर येतो ना, तो मला खराखुरा हवाय. पुण्यात कुणाकडे चालू सेट आहे का? घरी येऊन मोबाईलवर रेकॉर्ड करून नेईन, येताना भजी आणतो.