कौटिल्याचा मंडल सिद्धांत आजच्या परराष्ट्र धोरणाला खरंच लावता येतो का?

रानवाट: एमएला आंतरराष्ट्रीय संबंध घेतलंय. मॉर्गेन्थाऊ, वॉल्ट्झ हे पाश्चात्त्य विचारवंत आणि युरोपातला वेस्टफालियाचा १६४८ चा तह यात अख्खं सेमिस्टर गेलं आणि कौटिल्य मात्र 'भारताचा मॅकियाव्हेली' म्हणून एका तासात उरकला. शेजारी तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र, संपलं. मला प्रबंध यावरच करायचाय, पण सर म्हणतात ही थिअरीच नाही, राजाला दिलेला सल्ला आहे. आणि खरं सांगायचं तर भारत-नेपाळ मांडून बघितलं तर मलाही ते बसवता येईना. कुणी मुळातून वाचलंय का?

जुनी पोथी: शेजारी म्हणजे शत्रू हे गाईडबुकातलं वाक्य झालं. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सहाव्या अधिकरणात, म्हणजे भागात, बारा राजांचं मंडल आहे, त्यात मध्यम (दोघांच्याही सीमेला लागून असलेला बलवान राजा) आणि उदासीन (या सगळ्यांच्या बाहेरचा, त्याहून बलवान राजा) पण आहेत, आणि सातव्यात तर तो स्वतःच सांगतो की शेजारी शत्रूभावाचा असतो, मित्रभावाचा असतो, नाहीतर चाकरभावाचा. तुझं नेपाळ अडतंय कारण तू दिल्लीला मधे बसवलंयस. काठमांडूला विजिगीषू, म्हणजे मंडलाच्या मधला जिंकू पाहणारा राजा, धर आणि परत मांड. नेपाळचे राजे पृथ्वीनारायण शाहांनी अठराव्या शतकातच नेपाळला चीन आणि हिंदुस्थान या दोन धोंड्यांमधला कंद म्हटलंय, मग एकाशी संधी, म्हणजे तह, करून दुसऱ्याशी ताणून धरायचं म्हणजे द्वैधीभाव, तो कधी परवडतो आणि कधी अंगाशी येतो, हा झाला की तुझा प्रश्न. बाकी 'फक्त सल्ला' म्हणणाऱ्यांना सातव्याचा दुसरा अध्याय दाखव, संधी आणि विग्रह (लढाई) दोन्हीत फायदा सारखाच असेल तर संधीच कर म्हणतो, कारण लढाईत माणसं जातात, पैसा जातो, घरापासून लांब राहावं लागतं. कारण देऊन नियम सांगितलाय, थिअरी अजून वेगळी काय असते? 'अर्थशास्त्रा'ची कंगल्यांची प्रत घे, मुंबई विद्यापीठाने काढलेली, तीन खंड आहेत.

बंदरकाठ: पोथीशी सहमत, पण मराठीत काम करतोयस तर आज्ञापत्र का सोडतोस? मराठ्यांच्या राज्यकारभारावरचं, रामचंद्रपंत अमात्यांचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. सगळे दुर्गांचं प्रकरण वाचतात, साहुकारांचं वाच. टोपीकर, म्हणजे युरोपी व्यापारी, बाकीच्या सावकारांसारखे नाहीत, यांच्यामागे यांचे राजे आहेत, त्यांच्या हुकमाने हे व्यापाराला येतात, तेव्हा समुद्रकाठची जागा यांना देऊ नका, वखारीला द्यायचीच तर आत द्या आणि तिथेही पक्की इमारत बांधू देऊ नका, असं पंत बजावतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसता बसलो होतो. कंपनी आणि राज्य वेगळं धरायचं नाही, हे प्लासीच्या आधी कितीतरी वर्षं लिहिलंय! आज परदेशी कंपन्यांना बंदरं चालवायला देतात त्याला लावून बघ.

उंबरा: एक काळजी मनापासून सांगते. चीनमध्ये झाओ टिंगयांग या तत्त्वज्ञांनी तियानशिया, म्हणजे 'आकाशाखालचं सगळं', ही जुनी कल्पना जगाच्या व्यवस्थेसाठी मांडली, वाचताना फार सुंदर वाटते, पण मधे कोण बसणार हा प्रश्न व्हिएतनामी माणूस विचारणारच ना. आपल्याकडेही तेच होऊ शकतं. कौटिल्य घेतोस तर अशोकाचा तेरावा शिलालेखही घे, कलिंगात किती माणसं मेली ते राजा स्वतः कोरून ठेवतो आणि शस्त्राच्या विजयापेक्षा धर्माचा विजय मोठा म्हणतो. एकाच मातीतली दोन उत्तरं आहेत ही, एकालाच 'भारतीय दृष्टी' म्हणू नकोस.

रानवाट: काठमांडू मधे ठेवून रात्री मांडून बघितलं, चित्रच बदललं. उद्या लायब्ररीत कंगले आणि आज्ञापत्र दोन्ही बघतो. अशोकाचं प्रकरण वेगळं करू की कौटिल्याच्या शेजारीच ठेवू?

उंबरा: शेजारीच ठेव.