पुण्यात प्रभागाच्या निधीवर नागरिकांनी थेट मतदान करावं का?

मुठाकाठ (धागाकर्ता)

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार चालला. ना स्थायी समिती, ना मुख्य सभा. प्रस्ताव प्रशासनाचा आणि मंजुरीही प्रशासनाचीच. प्रतिनिधी गेले की नागरिकाच्या हातात काहीच राहत नाही, हे या काळात उघड झालं.

प्रतिनिधी असतात तेव्हाही जबाबदारी कोणाची ते कळत नाही. २०१७ मध्ये १६२ जागा ४१ प्रभागांत बसवल्या होत्या, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. रस्ता खचला तर चौघांपैकी कोणाला विचारायचं?

पाया आपल्याकडे २००६ पासून आहे: अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, अभियंता जागा बघून एस्टिमेट काढतो, काम प्रभाग समितीपुढे जातं आणि तिथून अंदाजपत्रकात. पण सुचवणारा नागरिक आणि निवडणारी समिती. ती निवड मतदानाने व्हावी, असं माझं म्हणणं आहे.

हिशोबनीस

असहमत. बाक, दिवे, पदपथ यांवर मतदान सोपं आहे. शहर अडतं ते पावसाळी गटार, सांडपाणी आणि पाण्याच्या दाबावर, आणि ही कामं प्रभागाची हद्द मानत नाहीत. वरच्या प्रभागाने मत देऊन ६०० मिलिमीटरची पाइपलाइन टाकली आणि खालच्या प्रभागाने पदपथ निवडून जुनी ४५० ची तशीच ठेवली, तर पाणी खालच्यांच्या चेंबरमधून वर येणार. दोन्ही मतदानं नियमात, आणि पूर मात्र खालच्यांच्या दारात! असे परस्परांत गुंतलेले निर्णय समोरासमोर बसून, देवाणघेवाण करूनच होतात. मतपत्रिकेवर ‘हो’ आणि ‘नाही’ असतं, ‘आधी तुमचं गटार, मग आमचा रस्ता’ असा पर्याय नसतो.

पैशांवरच्या थेट मतदानाचं मोठं उदाहरण कॅलिफोर्नियाचं आहे. १९७८ च्या प्रस्ताव क्रमांक १३ ने मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर आणि मूल्यातली वाढ वर्षाला २ टक्क्यांवर अडकवली. मालमत्ता विकली गेली की मूल्य नव्याने ठरतं, त्यामुळे शेजारशेजारच्या सारख्या घरांना फार वेगळा कर बसतो. शाळांचा मोठा आधार स्थानिक करावरून राज्याच्या तिजोरीवर गेला. मतदान करताना लोकांनी कराचं बिल पाहिलं. कमी होणारा खर्च त्या कागदावर कुठे होता?

दोन पानं

कागदावर काय लिहायचं हाच तर मुद्दा आहे. प्रश्न एकच आणि स्वच्छ असेल तर लोक प्रतिनिधींपेक्षा बारीक निवड करतात. गोव्याचा जनमत कौल आठवा, १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश. मतपत्रिकेवर विलीनीकरणाला फूल, केंद्रशासितला दोन पानं. भाऊसाहेब बांदोडकरांचा विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ पासून सत्तेत होता. निवडणुकीचा निकाल हाच लोकांचा कौल धरला असता, तर गोवा महाराष्ट्रात आला असता. प्रत्यक्षात दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली. फरक ३४,०२१. त्यानंतर दोनेक महिन्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली! पक्ष हवा, त्याची ती एक मागणी नको. हे सांगायला निवडणुकीच्या मतपत्रिकेत जागाच नसते. आणि कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला होता. ही अट पुण्यातल्या कुठल्याही मतदानात मला तितकीच महत्त्वाची वाटते: ज्याचा निकालात हितसंबंध, त्याच्या हातात यंत्रणा नको.

आडवी बाटली

थेट मतदान महाराष्ट्रात आजही कायद्यात आहे, उदाहरणार्थ दारूच्या दुकानासाठी. २००८ च्या आदेशानुसार एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की पडताळणी होते आणि गुप्त मतदान लागतं: दुकान बंद करायचं तर आडवी बाटली, चालू ठेवायचं तर उभी. मेख बहुमताच्या व्याख्येत आहे. निम्म्याहून जास्त मतं यादीतल्या एकूण महिलांच्या हिशोबाने लागतात, मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. यादीत हजार जणी, आल्या सहाशे. आडवी ४८०, उभी १२०. म्हणजे चारास एक, तरीही ठराव पडतो. मयत, लग्न होऊन गेलेल्या, कामासाठी बाहेर असलेल्या, सगळ्यांची नावं आपोआप ‘उभी’च्या खात्यात जातात.

पण किमान मतांचा उंबरठाच काढला तर शंभर माणसं पाच हजारांचा निर्णय घेतील. ग्रामसभेत हेच दिसतं: गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते, आणि तहकूब सभेला तीही लागत नाही. उंबरठा किती आणि कशाच्या प्रमाणात, हे आधी लिहा. मग मतदानाचं बोला.

हिशोबनीस

यादीचा मुद्दा पुण्यात अजून जड आहे. भाड्याने राहणारे विद्यार्थी, बांधकाम मजूर, आयटीतली मुलं यांतल्या अनेकांचं नाव इथे नसतं. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप गट एका संध्याकाळी तीनशे मतं गोळा करेल. वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाला ती कोण गोळा करून देणार? बहुमताला दुसऱ्याच्या हक्कावर मत द्यायला लावलं की काय होतं, ते स्वित्झर्लंडने दाखवलं. १९५९ मध्ये तिथल्या पुरुषांनी स्त्रियांचा मताधिकार मतदानाने नाकारला. तो मिळायला १९७१ उजाडलं.

मुठाकाठ

हे मान्य, आणि त्यामुळे माझा प्रस्ताव बदलतो. मूलभूत सोयी, म्हणजे शौचालय, पाणी, ड्रेनेज, मतदानाबाहेर. त्या सभागृहाने द्यायच्याच. पण स्वित्झर्लंडचा दुसरा भागही घ्या. तिथे घटनादुरुस्तीसाठी १८ महिन्यांत एक लाख सह्या आणल्या, तरी संसद आपला प्रतिप्रस्ताव त्याच मतदानात ठेवू शकते. प्रतिनिधी बाजूला होत नाहीत, त्यांना उत्तर द्यावं लागतं. पुण्यातही नगरसेवकांनी नागरिकांच्या यादीपुढे आपली यादी ठेवावी. कायद्यातली क्षेत्र सभा, म्हणजे भागातल्या मतदारांची सभा, त्यासाठी भरवता येईल.

आडवी बाटली

क्षेत्र सभेचा अध्यक्ष नगरसेवकच असतो. ज्याची यादी मतदानात आहे तोच सभा चालवणार? दोन पानं यांची अट इथेच मोडते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, पण त्याआधी अभ्यासगटात महिनोन्‌महिने चर्चा होते, आणि गाव आहे शंभरेक घरांचं. प्रभागात निदान मतदानाआधी एस्टिमेटची वेगळी बैठक आणि तिला बाहेरच्या क्षेत्रीय कार्यालयाचा अभियंता, एवढं तरी हवं.

हिशोबनीस

त्या एस्टिमेटमध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असावा. नाहीतर पाच लाखांचं म्हणून निवडलेलं काम निविदेत पाच लाख नव्वद हजारांचं होतं आणि लांबी कापली जाते. प्रत्येक कामापुढे वर्षाच्या देखभालीचा आकडा आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून येणार हेही छापा. आणि निवडलेल्या कामाचा निधी वर्गीकरणाने दुसरीकडे वळवायचा असेल तर पुन्हा मतदान, मुख्य सभेचा ठराव पुरेसा नाही. एवढं लेखी आलं तर एका प्रभागात, एका अंदाजपत्रकापुरतं, माझा विरोध नाही. अ‍ॅपवरच्या मतदानाला मात्र आहे: ओटीपी ज्याच्या फोनवर, मत त्याचं.