मदत हवी आहे: ब्रेक ऑइल बदलले, हवा काढली, तरी पेडल दबतेच

धागाकर्ता: घरीच ब्रेक ऑइल बदलले. चारही चाकांतील हवा नेहमीच्या पद्धतीने काढली असून नळीतून आता एकही बुडबुडा येत नाही, तरीही पेडल निम्म्यापर्यंत खाली जाते. गाडी तातडीने हवी आहे. हे काम गॅरेजमध्येच करावे हा सल्ला मला ठाऊक आहे, तो कृपया कोणी देऊ नये.

पानापक्कड: एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का, मागे ड्रम ब्रेक आहेत की डिस्क, आणि ब्रेक ऑइलची टाकी मध्येच रिकामी झाली होती का, यातले आपण काहीच लिहिलेले नाही. शिवाय पेडल सुरुवातीला मोकळे जाऊन मग एकदम घट्ट होते की शेवटपर्यंत स्पंजासारखे दबत राहते? पहिले बहुधा ड्रममधील शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) सैल असल्याचे लक्षण असते आणि दुसरे आत हवा उरल्याचे.

निर्वात: एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने निपल (चाकाजवळची हवा काढण्याची झडप) उघडायचे, हा प्रकार आता सोडून द्यावा. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबले की मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबले की ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याचे) सील एरवी जिथे पोहोचत नाही अशा गंजक्या भागावर घासून फाटू शकते. व्हॅक्यूम पंप घ्या, एकट्याने काम होते.

पानापक्कड: सीलचा मुद्दा रास्त आहे, मात्र त्यावर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवण्याचा साधा उपाय आहे. पंपाने निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते आणि बुडबुडे थांबतच नाहीत, त्यामुळे काम संपले की नाही हेच कळत नाही.

निर्वात: आट्यांना थोडे ग्रीस लावले की तो त्रास राहत नाही. पंप न वापरताच त्याला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात.

संथचालक: माझ्या मते डॉट ५.१ प्रतीचे ब्रेक ऑइल भरावे. त्याचा उत्कलनबिंदू किमान २६० अंश सेल्सिअस असतो, तर डॉट ४ चा २३०. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ३.७ टक्के पाणी मिसळले की डॉट ४ साठीची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते.

पानापक्कड: आकडे बरोबर आहेत, पण उभ्या, थंड गाडीचे पेडल दबत असेल तर उत्कलनबिंदूचा प्रश्न येतोच कुठे? आणि ५.१ ऐवजी चुकून डॉट ५ आणले, तर ते सिलिकॉनचे असल्याने नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही.

धागाकर्ता: पंपावरील चर्चा नंतर करावी. एबीएस नाही, मागे ड्रम आहेत, टाकी रिकामी झालेली नाही. पेडल स्पंजासारखेच आहे आणि लागोपाठ दोन-तीनदा दाबले की थोडे वर येते. पुढचे दोन्ही कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग) गॅरेजमधून नवे बसवून घेतले आहेत, तेव्हा त्यांत दोष नसावा.

पानापक्कड: हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवे होते. त्या कॅलिपरचे निपल वरच्या बाजूला आहेत की खालच्या?

धागाकर्ता: दोन्ही खालच्या बाजूला आहेत. त्याने काय फरक पडतो?

पानापक्कड: डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला आहे. अनेक गाड्यांत ते उलटेही बिनतक्रार बसतात. हवा वर राहते, निपल खाली असल्याने त्यातून स्वच्छ ऑइल तेवढे बाहेर येते, आणि बुडबुडा दिसत नाही म्हणून आपल्याला काम झाले असे वाटते. कॅलिपर आपापल्या जागी बसवा, नळीच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घाला आणि नळीला पीळ पडलेला नाही हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. मगच पुन्हा हवा काढा. पेडलवरचा पाय निपल बंद झाल्यावरच उचलायचा.

संथचालक: कॅलिपरची जागा न बदलता, तो नुसता सोडवून, पॅडच्या मध्ये लाकडाचा तुकडा घालून, निपल वर येईल असा हातात धरला तर चालणार नाही का?

पानापक्कड: हवा त्यानेही निघेल, पण पुढच्या वेळी ऑइल बदलताना हाच धागा पुन्हा काढावा लागेल.

निर्वात: रंगावर ऑइल सांडले असल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो. आणि पंपाबद्दलचे माझे मत कायम आहे.

धागाकर्ता: कॅलिपर सोडवायला घेतले आहेत. उघडलेल्या डब्यातील उरलेले ऑइल वापरता येईल का, एवढे सांगा.

पानापक्कड: झाकण घट्ट लावून ठेवले असेल आणि डबा नुकताच उघडलेला असेल तर वापरा. नळीतून बाहेर आलेले मात्र, कितीही स्वच्छ दिसले तरी, टाकीत परत ओतू नका.