मदत हवी आहे: घरट्यासारखी इवलीशी अळंबी, नेमकी कोणती?

कुजक्या फांदीवर ही झुबक्याने उगवली आहे. एकेक पेला जेमतेम 7-8 मिमी रुंद, तळाशी करड्या, चपट्या गोळ्या. पावसाचा थेंब आत पडला की बीजाणूंनी भरलेल्या या गोळ्या बाहेर उडतात, त्यामुळे 'बर्ड्स नेस्ट' गटातली हे नक्की. अडलंय ते पुढे. पेला बाहेरून तपकिरी, केसाळ. आतली भिंत चकचकीत आणि तिच्यावर उभ्या रेघा. म्हणून मला ही सायथस स्ट्रायाटस जात वाटते. याच गटातली 'सायथस ओला' ही जात आतून गुळगुळीत असते, तर क्रुसिब्युलम या दुसऱ्या प्रकाराच्या गोळ्या पांढरट. पण रेघा असलेल्या आणखीही जाती आहेत ना? मग फरक कशावरून ओळखायचा? गोळीच्या आकारावरून, की सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजावेच लागतील? (खायचा विचार नाही, ही खाण्याजोगी नाहीच.) कोवळ्या पेल्यांवरचं पांढरं झाकण अजून शाबूत आहे, त्याचा उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया सांगा.