पेव्हर ब्लॉकच्या फटींतील वाळू पावसात वाहून गेली आहे; पुन्हा कशी भरावी?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. आमच्या परसबागेत चार वर्षांपूर्वी ६० मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक बसवून फाटकापासून तुळशीवृंदावनापर्यंत वाट केली होती. यंदाच्या पावसाळ्यात फटींतील वाळू निघून गेली असून, काही ठिकाणी पोलादी मोजपट्टी तीन-चार सेंटिमीटर आत जाते. पाच-सहा ब्लॉक पाय पडताच डुगडुगतात. आई पहाटे अंधारात याच वाटेने तुळशीला पाणी घालायला जाते, त्यामुळे काळजी वाटते. गवंडी म्हणतात की सिमेंटचे पाणी ओतून फटी कायमच्या बुजवाव्यात. ते योग्य ठरेल का?

पहिले उत्तर

वाळू भरण्याआधी ती कोणत्या वाटेने गेली, हे शोधावे. पावसात छत्री घेऊन दहा मिनिटे तिथे उभे राहिलात, तर गच्चीच्या पाइपाचे पाणी कुठे पडते आणि कोणत्या बाजूला धावते, ते आपोआप दिसेल. जे ब्लॉक डुगडुगतात त्यांच्या खालचा थरही खचलेला असतो, म्हणून त्यांच्या फटी वरून कितीही भरल्या तरी ती वाळू खालच्या पोकळीत उतरत राहते. असे ब्लॉक दोन पट्ट्यांनी उचकटून काढावेत, खाली जाडसर वाळूचा २५ ते ४० मिलिमीटरचा थर समतल करावा आणि ठोकल्यावर बसेल या हिशोबाने ब्लॉक किंचित उंच ठेवून रबरी हातोड्याने ठोकावेत.

फटींसाठी मात्र बारीक, धुतलेली आणि पूर्ण कोरडी वाळू हवी. ओलसर वाळू तोंडाशीच अडकते आणि फट भरल्याचा नुसता भास होतो. ऑक्टोबरच्या उन्हात ताडपत्रीवर वाळू पसरून वाळवावी, खराट्याने तिरकी झाडत फटींत भरावी, ब्लॉकवर लाकडी फळी ठेवून ठोकावे आणि पुन्हा झाडावे. वाळू खाली उतरणे थांबेपर्यंत हे करावे लागते.

दुसरे उत्तर

सिमेंटच्या बाबतीत माझा अनुभव सांगतो. आमच्याकडेही खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचे ब्लॉक थोडेफार हलणारच. आम्ही फटींत सिमेंट ओतले. वैशाखात ते तडकले आणि पुढच्या पावसात त्या भेगांतून पाणी शिरून आतली वाळू पोखरली गेली. दुरुस्तीच्या वेळी छिन्नीने सिमेंट काढताना बऱ्याच ब्लॉकच्या कडा उडाल्या. फटी वाळूने भरलेल्या असल्या तर ब्लॉक सुटा निघतो आणि परत बसवता येतो, ही मोठीच सोय आहे. पॉलिमर मिसळलेली (पाणी मारल्यावर फटीत घट्ट होणारी) वाळू वापरायची असेल, तर पाणी मारण्याआधी ब्लॉकवर उरलेली भुकटी पूर्ण झाडून घ्यावी, नाहीतर पांढरट डाग धरतात.

तिसरे उत्तर

कडेचे दगड तपासावेत. ते सुटले असतील, तर ब्लॉक बाहेर सरकतात आणि फटी रुंदावतात. अशा वेळी आधी कडा काँक्रीटमध्ये पक्की करावी. फटींत लव्हाळा असेल तर तो गाठीसकट खणून काढावा, नुसता उपटला तर परत फुटतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी सर आली तेव्हा बघितले. गच्चीच्या पाइपाचे तोंड थेट वाटेवर होते आणि तिथूनच पाण्याचा ओघळ फाटकाकडे जात होता. पाइपाला कोपर जोडून पाणी आता आंब्याच्या आळ्यात सोडले आहे. पहिला ब्लॉक उचलला तेव्हा खाली मूठ मावेल एवढी पोकळी होती. गवंड्यांनाही ती दाखवली आणि सिमेंटचा विचार सोडला. दिवाळीपूर्वी ऊन पाहून वाळू वाळवायला घेतो. तोवर आईसाठी त्या ठिकाणी फळी टाकून ठेवली आहे.