कफ सिरपवर सरकारी देखरेख : निवेदनात नेमकं काय मागायचं?

ग्राहकमित्र_सांगली
आमच्या संस्थेला अन्न व औषध प्रशासनाला निवेदन द्यायचंय. निमित्त मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी कोल्ड्रिफ कफ सिरपने मुलं दगावल्याचं (सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५). मसुद्यात सध्या तीन मागण्या आहेत : कडक शिक्षा, जास्त निरीक्षक, दुकानांची वारंवार तपासणी. वाचून वाटतं, हे कुणीही लिहील आणि कुणीही 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' करून मोकळा होईल. कायदा नेमका कुठे तोकडा पडतो ते जाणकारांनी सांगावं. कलम-नियमासकट सांगितलंत तर बरं.

फॉर्म१७
शिक्षेची मागणी आधी काढा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २७(ए)मध्ये भेसळयुक्त किंवा बनावट औषधाने मृत्यू ओढवला तर किमान १० वर्षं ते जन्मठेप आणि किमान १० लाख दंड, हे आधीच आहे.

घोडं अडतं ते वेळेपाशी. निरीक्षक दुकानात फॉर्म १७ (नमुना घेत असल्याची लेखी सूचना) देतो, मालाचे पैसे चुकते करतो आणि नमुन्याचे चार वाटे सील करतो : दुकानदार, शासकीय विश्लेषक (सरकारी प्रयोगशाळेतला तपासनीस), कोर्ट आणि उत्पादक. ६० मिलीची बाटली उघडून वाटे करण्यात अर्थ नसतो, म्हणून सीलबंद बाटल्याच वाटल्या जातात. त्यातही विश्लेषकाच्या वाट्यात सगळ्या चाचण्यांना पुरेल इतकं सिरप हवं. खेड्यातल्या दुकानात त्या बॅचच्या पाचच बाटल्या असल्या की नमुना घेणंच अवघड होऊन बसतं. सिरपचा नमुना स्टॉकिस्टच्या (घाऊक विक्रेत्याच्या) गोदामातून घ्यायला हवा.

आता खरी मेख. नियम ४५ प्रमाणे विश्लेषकाला अहवालासाठी ६० दिवस आहेत. 'हा साठा विकू नका' असा कलम २२(१)(सी)खालचा आदेश (फॉर्म १५) मात्र जास्तीत जास्त २० दिवसांचा. मधल्या ४० दिवसांचं काय? जप्ती करता येते, पण हातात रिपोर्ट नसताना ती करायला निरीक्षक कचरतो. अहवाल आल्यावर त्याला आव्हान द्यायचं असेल तर तसं कळवायला आणखी २८ दिवस.

मागणी अशी लिहा : तोंडाने घ्यायच्या द्रव औषधांची पूर्ण तपासणी ६० दिवसांत होवो, पण डायएथिलीन ग्लायकॉल (डीईजी) आणि एथिलीन ग्लायकॉल या दोन विषांची चाचणी नमुना पोचल्यापासून ४८ तासांत. हे अशक्य नाही. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेने कोल्ड्रिफच्या एसआर-१३ बॅचचा अहवाल एक-दोन दिवसांतच दिला होता : ४८.६ टक्के डीईजी. मर्यादा ०.१ टक्का आहे.

गॅसक्रोमॅट
वरचं बरोबर आहे, पण बाटली दुकानात पोचली म्हणजे उशीर झालेलाच आहे. हे विष बाटलीत येतं ते सिरप बनवायला लागणाऱ्या प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल या द्रवांच्या ड्रममधून. डीईजी स्वस्त, चवीला गोड, दिसायला तसंच. औद्योगिक दर्जाचा माल रंग-प्लास्टिकवाल्यांनाही जातो. व्यापारी मोठ्या टँकरमधून छोट्या ड्रममध्ये भरतो आणि मूळ उत्पादकाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडतो. कारखान्याने ती फाइलला लावली की कागदोपत्री सगळं स्वच्छ.

दुसरी पळवाट एकत्रित नमुन्याची. दहा ड्रममधून थोडं थोडं काढून एकच चाचणी करतात. एका ड्रममध्ये ०.५ टक्का डीईजी असेल आणि बाकी नऊ शुद्ध असतील, तर मिश्रणात आकडा येतो ०.०५. पास! तो ड्रम मात्र मर्यादेच्या पाचपट वाईट असतो. म्हणून 'प्रत्येक ड्रमची स्वतंत्र चाचणी, गॅस क्रोमॅटोग्राफीने' (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रचाचणी) हे अवतरणातले शब्द निवेदनात जसेच्या तसे घाला. नुसती घनता मोजून भागत नाही. प्रोपिलीन ग्लायकॉलची १.०३६ च्या आसपास, डीईजीची १.११८, त्यामुळे निम्मी भेसळ लगेच कळेल, अर्ध्या टक्क्याची कळणार नाही.

जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला लागतो. परदेशी मुलांसाठी एक चाळणी आणि आपल्या मुलांसाठी दुसरी, हे मंत्र्यांना तोंडावर विचारण्यासारखं आहे. महाराष्ट्राने तर हे फार आधी पाहिलंय. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले आणि त्यावर न्या. लेंटिन आयोग बसला.

ग्राहकमित्र_सांगली
शिक्षा काढली. निरीक्षकांची मागणी ठेवू का? आणि आमची संस्था स्वतः काही करू शकते का?

फॉर्म१७
ठेवा, पण आकड्यासह. माशेलकर समितीने (२००३) ५० कारखान्यांमागे एक आणि २०० विक्री दुकानांमागे एक निरीक्षक असं प्रमाण सांगितलंय. तुमच्या जिल्ह्यात दुकानं किती, मंजूर पदं किती, भरलेली किती, एवढं माहिती अधिकारात मागवा आणि ते उत्तर निवेदनाला जोडा. 'पदे भरावीत' एवढ्याने कुणी हलत नाही.

काउंटरफार्मासिस्ट
संस्थेला कलम २६ उपयोगी आहे. स्वतः विकत घेतलेलं औषध कोणीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत ग्राहक संस्था फी भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. अर्ज फॉर्म १४-ए, अहवाल फॉर्म १४-बी. बिल संस्थेच्या नावाने घ्या, त्यावर बॅच नंबर असू द्या आणि एकाच बॅचच्या सीलबंद बाटल्या घ्या. उघडलेली बाटली नेलीत तर 'नंतर काही मिसळलं असेल' म्हणायला पहिली संधी उत्पादकाला मिळते. कलम ३२ खाली अशी संस्था फिर्यादही दाखल करू शकते, हे फार जणांना ठाऊक नसतं.

निवेदनात एक मागणी माझ्याकडूनही घाला. बॅच रोखायचा आदेश निघाला की तो स्टॉकिस्टच्या बिलिंग सॉफ्टवेअरपर्यंत त्याच दिवशी पोचला पाहिजे. कोणत्या दुकानाला किती बाटल्या गेल्या हे तिथे बॅचवार असतंच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या परिपत्रकाच्या फोटोवर रिकॉल (बाजारातून माल परत मागवणं) चालवू नये.

आणि सिरप घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या तर आधी दवाखाना गाठा. उरलेली बाटली धुऊ नका, फेकू नका, झाकण घट्ट लावून खोक्यासकट ठेवा. १८००-१८०-३०२४ या औषध-दुष्परिणाम हेल्पलाइनवर रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात, डॉक्टरच हवा असं नाही. ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. रुग्णाची आद्याक्षरं, वय, त्रास कधी सुरू झाला, औषधाचं नाव आणि कळवणारा कोण, एवढं तरी लागतंच. बॅच नंबर मात्र न चुकता लिहा, नाहीतर बाटलीचा माग लागत नाही.